धुतलेली तार आणि आठवी वही

५ ऑक्टोबर, शनिवार. लातूर, दादाच्या घरची पुढची खोली. सकाळचे पावणेअकरा.

हजर: आई, वय अठ्ठ्याहत्तर, टीव्हीपासून दोन हातांवर खुर्चीत. वहिनी, दारात, सुपात निवडायची मेथी घेऊन. मी, नांदेडहून पहाटेच्या एसटीनं आलेली. दादा कामावर, म्हणून गैरहजर.

सामान: टीव्ही एक, जुना पण ठणठणीत. फोन एक. फोन आडवा धरणारा स्टँड एक. तारा सात. वही क्रमांक सात, पान त्रेचाळीस.

टीव्हीवरची अक्षरं: सिग्नल नाही.

ही यादी मी तिथंच बसून लिहिली. नांदेडच्या एका कॉलेजचं स्टोअर मी बावीस वर्षं सांभाळते आहे. काही बिघडलं की कोण होतं, काय होतं, किती होतं ते आधी लिहायचं आणि मग ओरडायचं, ही माझी पद्धत. त्या दिवशी लिहिलं ते सगळं बरोबर होतं. ओरडले मात्र चुकीच्या माणसावर.

आधी वह्यांचं सांगते. आई सरकारी नर्स होती. कंधार तालुक्यातल्या गावांमधून तिनं एकतीस वर्षं बाळंतपणं केली. सरकारी रजिस्टर वेगळं असायचं आणि ते वर जायचं. आईच्या पिशवीत मात्र तिची स्वतःची वही असायची. प्रत्येक बाळंतपण त्यात पेन्सिलीनं लिहिलेलं, कारण ओल्या हातानं शाई पसरते. तारीख, वेळ, गाव, बाईचं नाव, मुलगा की मुलगी, वजन आणि शेवटी एखादा शेरा. ‘रडायला वेळ लावला.’ ‘आजीनं पेढे दिले, बापानं तोंड फिरवलं.’ अशा नऊ वह्या.

त्या वह्या कशासाठी जपायच्या हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, लेकरू कधीचं? बाप सांगायचा, ज्वारी हुरड्यात होती तेव्हाचं. मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या कॉलेजात दर एकतीस मेला चार-पाच जणांचा निरोप समारंभ एकाच हारवाल्याकडून उरकतो, तो या मास्तरांच्या कृपेनं. खरी तारीख हवी असेल तर ती आईच्या वहीत. म्हणून अजूनही फोन येतात.

एका बाईचा तर दर पंधरा दिवसांनी येतो. कंधारजवळच्या गावची, आता तिची लेकरं शाळेत जातात. मी फोन स्पीकरवर ठेवते.

“नर्सबाई, माझं पान आलं का?”

“नाही गं. तुझं आठव्या वहीत हाय. सातवी चालू हाय.”

“लेकरं दर एक जूनला केक आणतेत. मी कापते. पर त्यो मास्तरचा दिवस हाय बाई, माझा न्हाई. माझा एकदा कळू द्या.”

“तू पायाळू होतीस. दुपार होती. तुझ्या आईनं माझा हात इतका आवळला होता की बांगडी फुटली. सगळं आठवतंय. तारीख तेवढी आठवत नाही, ती वहीत हाय.”

आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. कडेची नजर आहे, तीही किती दिवस राहील हे डॉक्टर सांगत नाहीत. “वाचायचं असेल ते वाचून घ्या,” एवढंच म्हणाले. आणि वह्या आईशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. ते अक्षर बैलगाडीत बसून लिहिलेलं आहे, अगदी खरोखर. ‘ज’ कुठला, ‘त’ कुठला आणि आठवर पुसट काट मारली की तो तीन होतो, हे तिलाच ठाऊक.

म्हणून मी एक सोय केली होती. फोन स्टँडवर आडवा, कॅमेरा खाली वहीकडे, फोनमधून एक तार टीव्हीला. वहीतलं एकेक अक्षर टीव्हीवर वीतभर होऊन येतं. आई मान थोडी वाकडी करून कडेच्या नजरेनं वाचते, मी लिहून घेते. पान तिच्याच हातात असतं, कारण पेन्सिल पुसट झाली आहे. उजेडाकडे तिरपं धरल्याशिवाय ओळ उमटत नाही. पानांचे फोटो काढून टीव्हीवर दाखवून पाहिले होते, त्यात निम्म्या ओळी गायब. बिनतारी जोडून पाहिलं, तर पान हललं की चित्र मागाहून हलायचं आणि आईला गरगरायचं. तार हवीच होती. तारेवर आम्ही दर दुसऱ्या शनिवारी बसून सहा वह्या संपवल्या आणि सातवीच्या बेचाळीस पानांपर्यंत आलो.

आणि त्या शनिवारी ‘सिग्नल नाही’.

नवरात्राआधी आमच्याकडे दसरा काढतात. म्हणजे घरातलं झाडून सगळं बाहेर काढून धुतात. गोधड्या, डबे, पडदे, देवघराचा पाट, सगळं. वहिनी या कामात कुणाचं ऐकत नाहीत. मी यादीत ‘तारा सात’ लिहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकाही तारेवर माझी चिठ्ठी नाही. मी प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी चिकटवली होती: ‘आईची’, ‘केबलचा डबा-टीव्ही’, ‘दादाचा कॉम्प्युटर’ अशी.

“वहिनी, चिठ्ठ्या कुठं गेल्या?”

“निघाल्या असतील. साबणाच्या पाण्यात किती टिकतील?”

“तारा धुतल्या तुम्ही?”

“धूळ किती होती! दोन दिवस गच्चीवर वाळवल्यात. दोरीवर, कपड्यांच्या बाजूला.”

आई हसली. मी हसले नाही. सातही तारा काळ्या, सारख्या जाडीच्या. चौघींची दोन्ही टोकं रुंद. तिघींचं एक टोक रुंद, दुसरं फोनला लागतं तसलं बारीक. तिन्ही लावून पाहिल्या. खटकन बसायच्या, चित्र नाही. मी वहीत लिहिलं, मागच्या वेळेपासून काय बदललं: एक, तारा धुतल्या. दोन, फोन बदलला. मग दोन नंबर खोडला. नवा फोन आणून आठवडा झाला होता, पण भोक तेच होतं, तार त्यात तशीच बसत होती. भोक तेच असेल तर फोनचा काय संबंध?

मग मी वहिनींना बोलले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. वहिनी सूप उचलून आत गेल्या.

दुपारी लातूरच्या बाजारात गेले. दुकानदारानं माझं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. “ताई, जुनी तार कशाला? नवीन स्टँडर्ड आलंय,” म्हणत त्यानं एक डबी काढली. डबीवर सोनेरी टोकाचं चित्र, एक मोठा आकडा, त्याखाली त्याहून मोठा आकडा.

“माझ्या टीव्हीला एवढं लागतं का?”

“आज लागत नाही, उद्या लागेल. भविष्याचा विचार करून घ्या.”

“माझ्या आईला भविष्यासाठी नको. येत्या शनिवारी वही वाचायला पाहिजे.”

“मग तर हीच घ्या. क्लिअर दिसते.” त्यानं स्वतःचा फोन लावून भिंतीवरच्या टीव्हीवर चित्र आणून दाखवलं. आलं. मी घेतली. घरी लावली. सिग्नल नाही.

पुढच्या फेरीला ती परत घेऊन गेले. तो म्हणाला, “मग तुमच्या टीव्हीतलं भोक जुन्या स्टँडर्डचं असेल.” त्यानं मधे लावायचं एक डबडं दिलं. त्यात निळा दिवा लागला, बाकी काही नाही. तिसऱ्या फेरीच्या आधी नांदेडमध्ये दुसऱ्या दुकानात विचारलं. तो म्हणाला, “लातूरवाल्यानं फसवलं तुम्हाला, त्याच्याही पुढचं स्टँडर्ड आलंय.” ती तार इतकी ताठ होती की स्टँड ओढून आडवा पाडायची. चित्र तिच्यातूनही आलं नाही. दादानं संध्याकाळी फैसला दिला, टीव्हीच नवा घेऊ. बिचारा टीव्ही रोज संध्याकाळी बातम्या दाखवत होता. त्याचा गुन्हा काय हे कुणी सांगेना.

मी स्टोअर सांभाळते. माझ्याकडे अर्ध्या इंचाचा पाइप येतो, त्यावर अर्धा इंच लिहिलेलं असतं आणि तो अर्ध्या इंचाच्या नळात बसतो. बसला की पाणी येतं. नटबोल्टच्या डोक्यावर आकडा असतो. बल्बवर वॅट असतात. चुकीचा माल असेल तर तो बसतच नाही, त्यामुळे निदान कळतं. इथं सगळं सगळ्यात बसतं आणि काम कुठलं करतं ते आकाशातल्या बापाला माहीत. तारेवर काही लिहिलेलं नाही; लिहिलं असेल तर इतकं बारीक की चांगल्या डोळ्यांनाही भिंग लागावं. आणि डबीवर जे मोठ्या अक्षरांत लिहिलंय ते माझ्या कामाचं नाही. दर दोन वर्षांनी नवा आकडा काढायचा, जुन्याला जुना म्हणायचं आणि माणसानं विचारलं तर त्यालाच अडाणी ठरवायचं. पेन्सिलीचं अक्षर मोठं दिसायला कुठलं नवीन स्टँडर्ड लागतं हो? कालपर्यंत दिसत होतं की!

घाई म्हणून मधल्या एका शनिवारीही येऊन गेले, तरी तीन शनिवार असेच गेले. त्या बाईचा फोन आला तेव्हा आई म्हणाली, “थोडं थांब. आमच्या घरच्या तारांचं बाळंतपण अडलंय.”

अहमदपूरला एकजण लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतात. त्यांचे आजोबा पाट्या रंगवायचे, वडील फोटो काढायचे. एसटी स्टँडजवळच त्यांचं तीन पिढ्यांचं दुकान. कॉलेजच्या कार्यक्रमांना मोठा पडदा तेच लावतात म्हणून ओळख. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शनिवारी सकाळी लातूरला जाताना मी मधेच अहमदपूरला उतरले. पिशवीत सात धुतलेल्या तारा, दोन नव्या, निळ्या दिव्याचं डबडं आणि फोन.

दुकानात खिळ्यांवर तारा टांगलेल्या होत्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची लोकर बांधलेली. मी विचारलं.

“लाल म्हंजे मोठ्या पडद्याची. हिरवी म्हंजे छोट्या टीव्हीची. पिवळी म्हंजे भरोसा न्हाई,” ते म्हणाले. “ताई, डबीवर लिवलेलं मी वाचतच न्हाई. एकदा नवी कोरी तार घेऊन लग्नाला गेलो, वरमाला पडायच्या टायमाला पडदा काळा. नवरीचा मामा मलाच हार घालायला निघाला. तवापासून सकाळी हॉलवर जाऊन एकेक लावून बघतो. जी चालली तिलाच लोकर.”

मी धुतल्याचं सांगितलं. त्यांनी बारीक टोकाच्या तीन तारा वेगळ्या केल्या आणि स्वतःचा एक जुना फोन काढला, मागची काच तडकलेला. पहिली तार लावली. भिंतीवरच्या टीव्हीवर, कॅमेऱ्याखाली धरलेल्या माझ्या एसटीच्या तिकिटाचं चित्र आलं, स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं. दुसरीनं आणलं नाही. तिसरीनं आणलं नाही.

“दोन उलट्या चालीच्या, कॉम्प्युटरकडून चित्र न्हेणाऱ्या, फोनातून न्हाई. ही एक फोनच्या चित्राची. दिसायला तिघी सख्ख्या बहिणी,” ते म्हणाले. “आता तुमचा फोन द्या.”

चित्राची तीच तार माझ्या फोनला. सिग्नल नाही. माझ्या दोन्ही महागड्या तारा त्यांच्या फोनला: चित्र. माझ्या फोनला: सिग्नल नाही.

“तार लई झकास धुतलीय ताई. तुमच्या फोनातून चित्र भाईर येतच न्हाई. भोक हाय, पर ते फक्त चार्जिंगला.”

“जुन्या फोनमधून यायचं.”

“कुठंय तो?”

तो मी नव्याच्या बदल्यात दुकानात देऊन आले होते. घटस्थापनेच्या आधीच्या सवलतीत. तो दिल्याची पावती फाइलला लावलेली आहे.

मी वही काढली. ‘दोन, फोन बदलला’ यावरची माझी काट तशीच होती. तिथंच बाकावर बसून वहिनींना फोन केला.

“वहिनी, तार चांगली आहे. चूक माझी होती. मी त्या दिवशी बोलले ते...”

“आं? मोठ्यानं बोला ताई, सगळ्यांना ऐकू द्या,” वहिनी म्हणाल्या. मागून आईचं हसू आलं. “मग बिघडलं काय होतं?”

“माझा फोन.”

“आणा तर मग. पुढच्या दसऱ्याला त्यालाही धुऊन काढते.”

शूटिंगवाल्यांनी त्यांचा तडकलेला फोन माझ्या हातात ठेवला. “तुळशीचं लगीन झालं की आमची सराई सुरू. तवर न्या. मंग हाच फोन मला हॉलवर लागतो.” म्हणजे तुळशीच्या लग्नाआधीचा तो एकच शनिवार आमचा.

दीड तासात लातूर. तार लावली, चित्र आलं, वही सातवी, पान त्रेचाळीस. वहिनींनी स्वतः स्टँड पुसून दिला. आई खुर्ची पुढे ओढून बसली आणि मान वाकडी करून टीव्हीकडे बघत राहिली.

“काय झालं? आलंय ना?”

“आलंय. मोठं कर.”

केलं.

“अजून.”

ऑक्टोबरच्या आधी एका वेळी सहा ओळी टीव्हीवर मावायच्या आणि ती घडाघडा वाचायची. त्या दिवशी टीव्हीवर दोन शब्द होते आणि तरी ती मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे करत शब्दाला कुठल्या बाजूनं पकडावं ते शोधत होती. आधी दिवसाला वीस पानं व्हायची. त्या शनिवारी पोचल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसून सातवी वही संपली. सतरा पानं. शेवटच्या पानावर आईनं हात ठेवला आणि म्हणाली, “आता डोळ्यात पाणी येतंय, बस.”

बाईचा फोन आला. आई म्हणाली, “सातवी झाली. पुढच्या वेळी तू.”

पुढची वेळ आलेली नाही. फोन परत केला. मग मी ज्या दुकानातून नवा घेतला होता तिथं गेले. खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, यातून चित्र बाहेर जात नाही हे खोक्यावर कुठं लिहिलंय ते दाखवा. त्यानं खोकं फिरवून फिरवून पाहिलं. कॅमेऱ्यांची चित्रं होती, बॅटरी होती, रंगांची तर काव्यं होती.

“ताई, असं कुणी विचारतच नाही.”

“मी विचारते आहे. ज्यातून येतं असा एक फोन दाखवा.”

त्यानं दोन-तीन खोकी काढली, मोबाइलवर शोधलं, एकाला फोन लावला. “यात यायला पाहिजे.”

“यायला पाहिजे नको. माझ्याकडे तार आहे, लावून दाखवा.”

“सील तोडता येत नाही ना. तोडलं की तुम्हाला घ्यावा लागेल.”

हे ऐकून मी जे बोलले ते ऐकायला शेजारचा कव्हरवाला बाहेर आला. खोक्यावर लिहायचं नाही आणि खोकं उघडायचंही नाही. मग माणसानं कळून घ्यायचं कसं, देवीला कौल लावून? नांदेडमधली सात दुकानं मी अशी फिरले, लातूरमधली चार. पर्समध्ये ती धुतलेली तार, तिला आता वहिनींनी लाल लोकर बांधली आहे. अकराही ठिकाणी ‘यायला पाहिजे’ आणि ‘सील’. जुन्या फोनांच्या दुकानांत माझं जुनं मॉडेल सांगून ठेवलं आहे. “आलं की कळवतो,” म्हणतात. कळवलेलं नाही.

शूटिंगवाल्यांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, “ताई, शनिवार-रविवार मला दोन-दोन हॉल हायत. पौषात मुहूर्त नसतेत, मला कुणी बोलवत न्हाई. पौष लागला की फोन तुमचा, महिनाभर ठिवा.” चांगला माणूस आहे. पण मी या वेळी आईच्या हातात वर्तमानपत्र दिलं तेव्हा मथळ्यातली काना-मात्रा तिनं बोटानं चाचपल्यासारखी केली. पौषाला अजून चार आठवडे आहेत.

यादीत आज एवढंच आहे. तार: मिळाली, धुतलेली, चांगली. वहिनींची माफी: मागितली, दोनदा, मोठ्यानं. वही सात: पूर्ण. फोन, ज्यातून चित्र येतं, लावून बघितलेला: नाही.

वही आठ, पान एक: वाचायचं आहे.